शोकसभेत मुका झालेला माईक

मित्रांनो, हल्ली हलके, चकचकीत, बिनवायरीचे माईक निघाले आहेत. मी त्यांच्यातला नाही. मी लोखंडी अंगाचा, हाताला जड लागणारा, लांब वायरीचा माईक आहे, आणि आता पुरता म्हातारा झालो आहे. उमरखेडच्या बसस्टँडमागे जफरभाईंचं साउंडचं दुकान आहे. तिथल्या एका फळीवर मी आडवा पडलेला असतो. माझ्या तोंडावरच्या जाळीला पोचा आला आहे आणि कमरेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. मला डोळे नाहीत. जे कळतं ते ऐकून, आणि बोलणाऱ्याच्या श्वासावरून.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाळीच्या आत एक पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, आणि त्याच्याजवळ एक लोहचुंबक, एवढाच माझा जीव. तुम्ही बोललात की हवा हलते. हवेबरोबर पडदा हलतो, पडद्याबरोबर तार हलते आणि तिच्यातून विजेची एक लहर वायरीतून पळत सुटते. पुढे भोंगा तीच गोष्ट गावभर सांगतो. यातली एक गंमत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बटण बंद असलं तरी माझा पडदा थरथरतच असतो. म्हणजे बोलणं बंद करता आलं तरी ऐकणं मला बंद करता येत नाही. कोणी खरं बोलो, कोणी खोटं बोलो, ते माझ्या अंगावर येतंच.

जफरभाईंनी मला नागपूरहून आणलं, तेव्हा ते नुकते धंद्यात पडले होते. येताना एसटीत त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, लेकरू आजारी आहे का. जफरभाई म्हणाले, नाही, बोलकं आहे. मग काय, मी खूप बोललो. लग्नात आहेर कोणाचा ते मी सांगितलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये घाबरलेल्या पोरींची गाणी मी मैदानाच्या टोकापर्यंत पोचवली. उरुसातली कव्वाली, गणपतीतल्या आरत्या, ग्रामसभेतली भांडणं, यात्रेत हरवलेल्या पोराचं नाव, सगळं माझ्यातून गेलं. आवाज खणखणीत आहे, असं लोक म्हणत, आणि मला बरं वाटे.

त्रास एकच होता. आमच्या यवतमाळकडे खर्रा फार खातात. सुपारी आणि तंबाखू घोटून केलेला तो तोबरा गालात ठेवूनच पुढारी माझ्यासमोर येत आणि जनतेच्या आरोग्याविषयी बोलत. त्यांची थुंकी माझ्या जाळीत अडकून राही. जफरभाईंच्या पत्नी जमिलाबी मग घरी माझी जाळी काढून जुन्या ब्रशने, साबणाच्या पाण्याने घासत. लेकराचे दात घासावेत तशी. माझ्या तोंडाला कसली चव येई ते त्यांनाच ठाऊक.

असंच एका गॅदरिंगमध्ये माझ्यासमोर एक नवा माणूस आला. बोलण्याआधी तो तोंड बाजूला वळवून खाकरला आणि मगच माझ्याजवळ आला. असं आधी कोणी केलं नव्हतं. त्याचं नाव सदाशिव. तो एसटीत कंडक्टर होता. पदराखाली कोंबडी लपवून बसलेली बाई, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाडी थांबव म्हणून हटून बसलेला आजोबा, गाडी चालत नसून झाडंच मागे पळतात असं शपथेवर सांगणारा दारुडा, अशा साऱ्यांच्या तो नकला करी. ज्याची नक्कल असे तोच बहुतेक पहिल्या रांगेत बसून जास्त हसत असे. लोकांचं हसणं टिपेला गेलं की सदाशिव कंडक्टरच्या आवाजात दटावायचा, "हासू नोका जी, हासाचं बी तिकीट लागते."

या एका वाक्याने तो मोठा झाला. मुकुटबनपासून उमरखेडपर्यंत लहान पोरं ते वाक्य म्हणू लागली. मग मोबाईल आले आणि सदाशिवचा सदूभाऊ झाला. पुण्यामुंबईहून बोलावणी येऊ लागली. त्याने नोकरी सोडली. तिकडे त्याला कानाला लावायचे नाजूक माईक मिळत. पण उमरखेडात कार्यक्रम असला की तो जफरभाईंना सांगे, मला तो जडवालाच दे, हातात काहीतरी असलं की माझे हात कापत नाहीत. हो मित्रांनो, हजारोंना हसवणाऱ्या त्या माणसाचे हात कापत. ते मला आणि जफरभाईंना ठाऊक होतं, आणि त्याच्या पत्नीला, कुंदाबाईंना.

आता मला जे सांगायचं आहे त्याची मला किळस येते. पण ते सांगण्यासाठीच तर मी बोलतो आहे.

आमच्या तालुक्यात रामराव नावाचे एक पुढारी आहेत. एकाच रस्त्याच्या भूमिपूजनाचा नारळ त्यांनी दर निवडणुकीला फोडला. सदूभाऊने त्याची नक्कल केली. रस्त्यावर खडी नाही पण नारळाच्या करवंट्या इतक्या पडल्या की आता त्यांच्यावरच डांबर टाका, असं तो रामरावांच्या आवाजात म्हणाला. सारं मैदान लोटपोट झालं. रामराव स्वतः पुढे बसले होते. तेही हसले, मी ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी तेवढाच तुकडा काढून मोबाईलवर फिरवला आणि वर लिहिलं, आमच्या नेत्याचा अपमान. मग रामरावांनाही अपमान झाल्याचं आठवलं.

पुढच्या कार्यक्रमात त्यांची माणसं स्टेजवर चढली. चपला भिरकावल्या गेल्या. एक माझ्या तोंडावर बसली, तोच हा पोचा. सदूभाऊला माझ्यासमोर उभं करून माफी मागायला लावली. त्याचे हात इतके कापत होते की मी त्याच्या दातांवर आपटत होतो. ज्यांनी आदल्या आठवड्यात त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले होते त्यांनीच मोबाईलवर त्याला जोकर म्हटलं, विकाऊ म्हटलं, तुडवा म्हटलं. कार्यक्रम बंद झाले. मग तो दुपारी जफरभाईंच्या दुकानात येऊन नुसता बसे. एकदा तो म्हणाला, "लोकं हासत होते ना जफर? मंग एखाद्यानं तं म्हनाले पायजे होतं, का आमी हासलो."

जफरभाईंनी चहा सांगितला.

यंदा दिवाळीनंतर सदूभाऊच्या छातीत कळ आली. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, आणि पहाटे तो गेला.

दुकान उघडायच्या आतच गावभर मोबाईल वाजायला लागले. मी फळीवर पडून सगळं ऐकत होतो. दुकान उघडल्यावर जो येई तो एकच वाक्य वाचून दाखवी, सगळ्यांना हसवणारा आज रडवून गेला. जणू एकाच ठिकाणाहून शिक्का मारून आणलेलं. ही बातमी सगळ्यात आधी आपणच टाकली, असं सांगणारे दोघे होते आणि ते त्यावरून एकमेकांशी भांडत होते. तिसरा हळूच म्हणाला की पीत होता म्हणे, आणि त्याच दमात त्याने रडणाऱ्या तोंडाचं चित्र पाठवून दिलं. ज्याने त्याला तुडवा म्हणून लिहिलं होतं, तो माणूस जफरभाईंना विचारत आला, "भाऊसंगतचा माहा एखादा फोटो हाय का तुमच्यापाशी? स्टेटसले ठेवाचा होता."

जफरभाईंनी मान हलवली असावी, कारण तो काही न घेता गेला.

मित्रांनो, आमच्याकडे कोणी गेलं की घाटावर सरण पेटल्यावर जमलेल्यांपैकी एखाद्याने दोन शब्द बोलावेत अशी रीत आहे. ही रीत चांगली आहे. दोन शब्द, मग थोडा वेळ सगळे स्तब्ध, आणि लोक पांगतात. अशा कामाला जफरभाई कधी भाडं घेत नाहीत. त्या दिवशी रामरावांची माणसं साउंड मागायला आली तेव्हाही त्यांनी विचारलं नाही. फळीवरून मला काढलं, फडक्याने पुसलं, आणि सेट गाडीत टाकला. पण गाडी घाटाकडे न जाता मैदानाकडे गेली. तिथे मोठं स्टेज घातलेलं होतं.

इकडे सदूभाऊच्या घरी कुंदाबाई दारात बसल्या होत्या; हे सारं मी नंतर जमिलाबींच्या बोलण्यातून ऐकलं. माणूस बाहेरगावी वारला तर त्याला आधी स्वतःच्या दारात आणतात, गरम पाण्याने शेवटची आंघोळ घालतात, घरची माणसं तोंड पाहतात, आणि मगच घाटावर नेतात. चुलीवर पाणी चढलं होतं. शेजारच्या म्हणून जमिलाबी तिथेच होत्या. सदूभाऊला आणणाऱ्या गाडीत कुंदाबाईंचा भाऊ अमर होता. त्याला वाटेतच रामरावांचा फोन आला. सगळा तालुका लोटला आहे, भाऊचा मान मोठा आहे, आधी मैदानावर आणा, घंट्याभरात घरी नेऊ. अमर साधा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या माणसाने त्याला जी लावून बोलावलं होतं. त्याला तो मानच वाटला. त्याने गाडी वळवली. ही चूक त्याने प्रेमापोटी केली, म्हणून मी त्याला फार दोष देत नाही.

दुपारी सदूभाऊला माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवलं. तो पहिल्यांदाच माझ्याजवळ असून खाकरला नाही.

मग मी जे ऐकलं ते ऐका. कोणीतरी म्हणालं की भाऊ ओळखू येत नाहीत. दुसरा म्हणाला, "स्टेजवरचा गोल चष्मा लावा ना रे त्यायले, फोटोत ओळखू आले पायजे." आणि त्या मेलेल्या माणसाला चष्मा लावला. लाल रुमालही बांधला. मग रांग लागली. मान जरा इकडे करा, फुलं तोंडावरून काढा, एक माझ्या पोरासोबत, एक आमच्या मंडळासोबत. खाली बॅनरवरून भांडण चाललं होतं, कारण एका पुढाऱ्याचा फोटो दुसऱ्यापेक्षा लहान छापला होता. सदूभाऊचा फोटो सगळ्यात लहान होता म्हणे, पण त्याच्या बाजूने भांडायला कोणी नव्हतं.

भाषणं सुरू झाली. एकाने सदूभाऊची कोंबडीची नक्कल सांगितली आणि तीही चुकीची सांगितली. लोक हसले. एकाने पुढच्या महिन्यात होणाऱ्या स्वतःच्या महोत्सवाची तारीख सांगून घेतली. रामराव उठले तेव्हा त्यांच्या खर्ऱ्याचा वास मला आधी आला. ते म्हणाले की सदूभाऊ आणि ते एका ताटात जेवले होते, सदूभाऊने केलेली त्यांची नक्कल हा त्यांच्या आयुष्यातला मोठा सन्मान होता. बोलता बोलता ते माझ्या अगदी जवळ आले. थुंकीचा एक शिंतोडा माझ्या जाळीतून आत, थेट पडद्यावर गेला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला ओकता येत नाही.

आणि तरी मीच ते सारं चारी दिशांना पोचवत होतो, खणखणीत.

ऊन उतरायला लागलं. दिवस बुडाल्यावर अग्नी देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमर दोनदा रामरावांच्या कानाशी आला. घरी आंघोळ राहिली आहे, बाई वाट पाहत आहे, असं तो कुजबुजला. रामराव म्हणाले की साहेब, म्हणजे त्यांच्याहून मोठे पुढारी, यवतमाळहून निघाले आहेत, त्यांनी हार घातला की इथूनच घाटावर जाऊ, आता घरी नेण्याइतका वेळ कुठे आहे. अमर रडकुंडीला येऊन बाजूला झाला. मान घ्यायला तो हो म्हणाला होता, आता नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीत गलका झाला. वहिनी आल्या, वहिनी आल्या. कुंदाबाई स्वतःच मैदानावर आल्या होत्या. जमिलाबी त्यांचा हात धरून होत्या आणि बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणत होत्या, पण बाजूला कोणी होत नव्हतं. सगळ्यांना त्या कशा रडतात ते टिपायचं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्याने घाईने त्यांच्या हातात मला दिलं, आणि आता वहिनी आपल्या भावना व्यक्त करतील, असं जाहीर केलं.

त्यांचा हात ओला होता. चुलीच्या धुराचा वास होता त्याला.

त्या हळू बोलल्या. "मले काही बोलाचं नाही जी. यायले घरी घेऊन चला. सकाळपासून पाणी तापवून ठेवलं, ते थंडं होते, मी पुन्हा तापवतो. यायची आंघोळ व्हाची हाय. दिवस बुडून राह्यला."

मी तो आवाज जसाच्या तसा पोचवला. मागून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, भाऊचा तो तिकिटाचा डायलॉग म्हना ना एकडाव."

आणि काही लोक हसले.

रामरावांनी मला कुंदाबाईंच्या हातून अलगद काढून घेतलं. ते म्हणाले, "वहिनींच्या भावना आम्ही समजू शकतो. पण सदूभाऊ आता एकट्या घराचे राहिले नाहीत. ते साऱ्या महाराष्ट्राचे आहेत. साहेब येईपर्यंत आपण सगळे थांबू."

टाळ्या पडल्या.

रामराव पुढे बोलणार, एवढ्यात माझ्यातलं सगळं शांत झालं. वायर होती, पण लहर पळत नव्हती. रामरावांनी माझ्या डोक्यावर टिचक्या मारल्या, फुंकर मारली, हॅलो हॅलो केलं.

"जफरभाई, लाइन गेली का?"

जफरभाई मशीनजवळून उठून स्टेजवर आले. त्यांचा आवाज मी इतकी वर्षं ऐकतो आहे, तो त्या दिवशी वेगळा होता. "लाइन नाही गेली, रामरावजी. म्या बंद केली."

"चालू करा."

"नाही करत. त्याले घरी जाऊ द्या."

रामराव खालच्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून तुमचा डब्बा या तालुक्यात कुठं वाजते ते पाह्यतो मी."

डब्बा म्हणजे आमचा साउंडचा सेट. सभा, जयंत्या, मिरवणुका, सगळी कामं रामरावांच्या शब्दावर मिळत, हे जफरभाईंना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "नाही वाजला तं नाही वाजला."

त्यांनी रामरावांच्या हातून मला घेतलं, माझी वायर काढली आणि मला कुर्त्याच्या खिशात टाकलं. रामराव नुसत्या गळ्याने ओरडून बोलू लागले, पण त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही. मागच्या लोकांना काही ऐकू येईना, म्हणून ते चुळबुळले आणि पांगू लागले. ऐकायला काही नाही म्हटल्यावर टिपायलाही काही नव्हतं. अमर पुढे झाला आणि त्याने सगळ्यात आधी हात घातला. जफरभाईंनी दुसरी बाजू उचलली. मग आणखी दोघे आले. ते कोण होते मला माहीत नाही, ते काही बोलले नाहीत.

खांद्यावरून जाताना सदूभाऊ माझ्या फार जवळ होता. जफरभाईंचं काळीज माझ्या जाळीवर धडधडत होतं.

घराच्या दारात पाट ठेवल्याचा आवाज आला. घागर आली. कुंदाबाई म्हणाल्या, "आधी हा चष्मा काढा." कोणीतरी तो काढला. रुमाल सोडला. जमिलाबींनी पाण्यात हात घालून पाहिला आणि कोमट आहे म्हणून सांगितलं. मग बराच वेळ नुसतं पाणी ओतल्याचा आवाज. कोणी भाषण केलं नाही, कोणी हुंदकाही मोठ्याने दिला नाही. कुंदाबाईंनी त्याचं तोंड पदराने पुसलं असावं, कारण कापडाची सळसळ झाली, आणि मग त्या त्याच्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "हं. आता आले घरी."

दिवस बुडायच्या आत त्याला घाटावर नेलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. रामराव बोलल्याप्रमाणे वागले. आमची कामं बंद झाली. साहेब आले तेव्हा मैदानात खुर्च्या उचलणं चाललं होतं म्हणे, तो राग वेगळाच. जफरभाईंनी माईक बंद केला तो तुकडा कोणीतरी मोबाईलवर टाकला, आणि सदूभाऊंचा अपमान करणाऱ्याला धडा शिकवा असं लिहिलं. जफरभाईंचं नाव पाहून लोकांनी खाली आणखी जे लिहिलं ते मी तुम्हा मुलांना सांगणार नाही. जमिलाबींनी घरी आणून माझी जाळी घासली. थुंकीचे डाग निघाले. पडद्यावर गेलेला तो शिंतोडा मात्र तिथेच वाळला, म्हणून आता माझा आवाज थोडा घोगरा येतो.

कधी कधी कुंदाबाई दुकानात येऊन बसतात. जफरभाई चहा सांगतात. मोबाईलवर सदूभाऊ अजून फिरतो, लोक अजून हसतात. पण त्याला चपला मारल्या तेव्हा आपण कुठे होतो, हे कोणी लिहीत नाही. चार दिवसांनी दुसरं कोणी गेलं, आणि तेच लोक तेच वाक्य घेऊन तिकडे धावले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला नेहमी सांगितलं जातं. मला जपलं नाहीत तरी चालेल. माझी फळी बरी आहे. पण ज्याच्यावर तुम्ही पोट धरून हसलात, त्याच्यावर उद्या कोणी धावून गेलं तर उठून सांगा की आम्ही हसलो होतो. तेवढ्याने तो माणूस वाचतो. आणि तुमच्या गल्लीत कोणी गेलं तर मोबाईल खिशात ठेवा, बोलायचे शब्द गिळा आणि वाटेतून बाजूला व्हा. कारण त्या वाटेच्या टोकाला दारात कोणीतरी बसलेलं असतं, आणि गेलेलं माणूस बाकी साऱ्या जगाचं असलं तरी आधी त्या दारात बसलेल्याचं असतं.